गॅरंटी नाही, वॉरंटी आहे

टीव्हीच्या खोक्यावर शिक्का मारता मारता दुकानदार सांगतो, "गॅरंटी नाही हो, वॉरंटी आहे." म्हणजे बिघडला तर दुरुस्त करून मिळेल, बदलून मिळणार नाही. हा फरक आपल्याकडे इतका मुरलाय की तो कायद्यातच लिहिलेला असणार असं वाटतं. तसं नाही. ग्राहक संरक्षण कायदा हे दोन्ही शब्द जोडीने वापरतो आणि त्यांच्यात उच्चनीच ठेवत नाही.

मात्र 'वॉरंटी' शब्द हलका पडण्यामागे जुनं कारण आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याने विक्रीतल्या वचनांचे दोन वर्ग केले. शर्त मोडली तर माल नाकारता येतो. हमी, म्हणजे वॉरंटी, मोडली तर माल ठेवून घ्यायचा आणि फक्त नुकसानभरपाई मागायची. याच कायद्याच्या सोळाव्या कलमात गिऱ्हाइकाच्या बाजूची एक चांगली गोष्ट होती. वस्तू कशासाठी हवी ते दुकानदाराला सांगितलं आणि त्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली, तर ती त्या कामाला योग्य असलीच पाहिजे, ही न लिहिलेली शर्त मानली जाते. पण लगेच खाली पुस्ती आहे की अमुक व्यापारी नावाची वस्तू नाव घेऊन मागितली, तर ही शर्त लागू नाही. रेडिओ काय, टीव्ही काय, आपण नाव घेऊनच मागतो. विकण्याजोगा माल देण्याची दुसरी शर्त उरते, पण वस्तू एकदा स्वीकारली की तिचीही किंमत हमीइतकीच, म्हणजे पुन्हा भरपाईच. त्यावर कडी म्हणजे बासष्टावं कलम. त्यानुसार असे न लिहिलेले हक्क आपसातल्या करारानं रद्द करता येतात. छापील कार्डाच्या मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत जे असतं, त्याला हे कलम चांगलंच उपयोगी पडलं.

आमच्या घरी १९८४ मध्ये आलेल्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचं कार्ड आईने रेशनकार्डाच्या पिशवीत अजून जपून ठेवलंय. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ च्या एशियाडबरोबर रंग आला, आणि त्या लाटेत आमच्यासारख्यांच्या घरी लाकडी शटरवाला सेट पोचला. कार्ड इंग्रजीत. एक वर्षाची हमी, पण विजेच्या कमीजास्त दाबाने झालेला बिघाड वगळून. सेट केंद्रापर्यंत नेण्या-आणण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा. वाद झालाच तर न्यायालय परप्रांतातल्या एका शहराचं. खाली बाबांची सही, तीही शाईच्या पेनने, जणू खरेदीखतच. सहाव्या महिन्यात पडद्यावर आडव्या रेघा यायला लागल्या. कंपनीच्या केंद्रात दोन खेपा झाल्यावर बाबांनी कंटाळून सेट पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका कारागिराकडे नेला. त्याने मागचा पत्रा उघडला, एक कपॅसिटर बदलला, अर्ध्या तासात काम संपलं. पत्र्यावरचं सील मात्र तुटलं, आणि सीलबरोबर हमीही.

त्याविरुद्ध तेव्हा जायचं कुठे? दिवाणी दावा लावला तर कोर्ट फी आणि वकील मिळून टीव्हीच्या किमतीला गाठणार. अडचण हक्काची कमी आणि दाराची जास्त होती. ते दार उघडावं म्हणून रेटा देणाऱ्यांत महाराष्ट्रातले लोक पुढे होते. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली होती. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. सरकारी पातळीवर कंपनी आणि मक्तेदारीविषयक कायदे तपासणाऱ्या सच्चर समितीच्या शिफारशींनंतर १९८४ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती झाली. पुरेशी चाचणी न करता कामगिरीची हमी देणं आणि पाळण्याची शक्यताच नसताना दुरुस्तीचं किंवा बदलून देण्याचं वचन देणं, या अनुचित व्यापारी प्रथा ठरल्या. १९८५ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, आणि २४ डिसेंबर १९८६ ला आपल्याकडच्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. ग्राहक दिन साजरा होतो तो याच तारखेला.

या कायद्याने जिल्ह्याच्या ठिकाणी मंच दिला. वकील लागत नाही, आणि सुरुवातीला तर फीही नव्हती. दोष सिद्ध झाला तर मंच दोष काढायला, वस्तू बदलायला, पैसे परत करायला किंवा भरपाई द्यायला सांगू शकतो. शर्त की हमी, हा १९३० चा काथ्याकूट इथे मागे पडला, निदान कागदावर. प्रत्यक्षात कार्ड इतक्या सहज हरलं नाही. २००६ मध्ये मारुतीच्या एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हमी सदोष भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलण्याची नाही. तेव्हापासून कंपन्यांचे वकील हा निकाल खिशात घेऊनच येतात, मग वाद फ्रिजचा असो की फोनचा.

शिवाय दोष सिद्ध कसा करायचा हा प्रश्न आहेच. तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवायची तरतूद पहिल्यापासून आहे, पण प्रयोगशाळेची फी आधी तक्रारदाराने भरायची. म्हणून कामाला येतात ती सर्व्हिस सेंटरची जॉबशीटं. एकाच बिघाडासाठी चार वेळा फोन जमा केल्याची चार जॉबशीटं हातात असली की तज्ज्ञाची उणीव बरीच भरून निघते. काउंटरवरचा मुलगा "कशाला मॅडम, उद्याच मिळेल" म्हणाला तरी कागद मागून घ्यावा. माझ्या एका फोनच्या वेळी मी तो घेतला नाही. पुढच्या खेपेला आतलं पांढरं स्टिकर गुलाबी दिसलं, म्हणजे पाणी गेलं, म्हणजे वॉरंटी नाही. ते आधीच्या खेपेला पांढरं होतं, हे सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने दोन-तीन गाठी सोडवल्या. लेखी हमीप्रमाणे वस्तू नसेल, तर हमी देताना निष्काळजीपणा झाला नव्हता ही उत्पादकाची सबब चालत नाही. सदोष माल बिलावर छापलेल्या मुदतीत, मुदत छापलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा ठरली. बिल न देणं हीसुद्धा. आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. परप्रांतातल्या न्यायालयाचं ते कलम आमच्या कार्डावर अजून वाचता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

राहिलं सील. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला न देणं, आणि बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करणं, हे त्यांचे दोष. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण तपकीर गल्लीतली ती तक्रार पहिल्यांदा इतक्या मोठ्या व्यासपीठावर मांडली गेली. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही तिची चार क्षेत्रं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारं पोर्टल सुरू झालं. वस्तू किती दुरुस्त करण्याजोगी आहे याचे गुण तिच्यावर छापावेत, या कल्पनेवर २०२४ मध्ये आणखी एक समिती बसली.

तपकीर गल्लीतल्या त्या कारागिराने आमच्या सेटचा काढलेला पत्रा उलटा करून भिंतीला टेकवून ठेवला होता. आतल्या बाजूला सगळ्या सर्किटचा नकाशा चिकटवलेला होता, कंपनीनेच छापलेला.