ढील सगळीच रिळं देतात

माझा मासेमारीचा पहिला रॉड एका सायप्रिनस माशाने नेला. नेला म्हणजे अक्षरशः नेला. तळ्याच्या काठी बेचकीत रॉड टेकवून, टोकाला घुंगरू बांधून मी दहा पावलांवर चहा ओतत होतो. घुंगरू एकदाच वाजलं. वळून पाहतो तर रॉडचं बूड पाण्यात शिरताना दिसलं.

मग शहाणपण सुचलं आणि ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, सैल सोडून बसायला लागलो. थोड्याच दिवसांत मासा लागला, स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली चकरी, भिरभिर सुटलं, मी रॉड उचलला आणि पुढची घुंडी आवळायला घेतली. किती आवळायची हे बोटांना ठाऊक नव्हतं. जरा जास्तच आवळली गेली, दोरा तट्कन तुटला. पहिल्या वेळी रॉड गेला, दुसऱ्या वेळी मासा. ‘फ्री-स्पूल’ रीळ नेमकं या दोन फजित्यांमधल्या फटीसाठी बनलेलं आहे. तरीही ‘ड्रॅग सैल केला की झालं फ्री-स्पूल, वेगळे पैसे कशाला?’ हा प्रश्न काठावर दर आठवड्याला ऐकू येतो. प्रश्न चुकीचा नाही. दोन्हींत दोरा सुटतोच.

पतंग उडवलेल्याला फरक चटकन कळेल. ढील देणं वेगळं आणि ढिलीवरून खेचीवर येणं वेगळं. ढील सगळीच रिळं देतात. साध्या रिळाला मात्र एकच घुंडी असते आणि त्या घुंडीला एकच गोष्ट लक्षात राहते. रॉड बेचकीत असताना ड्रॅग जवळजवळ शून्य हवा, मासा लागून रॉड हातात आल्यावर दीड-दोन किलो हवा. एका घुंडीवर दोन्ही हवं असेल, तर दर वेळी एक माप मोडून दुसरं अंदाजाने बसवावं लागतं, आणि तेही नेमकं हात थरथरत असताना. फ्री-स्पूल रिळाला दोन ब्रेक असतात. पुढचा खेचीचा, मागचा ढिलीचा. दोघांची मापं आपण निवांत असताना आधीच लावून ठेवलेली असतात, आणि एकावरून दुसऱ्यावर जायला मागे एक खटका असतो.

आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. साध्या रिळात मधला दांडा गोल फिरत नाही. दोरा ओढला की स्पूल त्या दांड्याभोवती घसरतं, आणि मधल्या चकत्यांचं घर्षण म्हणजे ड्रॅग. फ्री-स्पूल रिळात खटका दाबला की दांड्याची पकडच सुटते. मग स्पूल दांड्यासकट फिरतं, आणि त्याला अडवायला मागच्या घुंडीने ताणलेल्या स्प्रिंगचा हलका दाब तेवढा उरतो. पुढच्या चकत्यांना कुणी हात लावलेला नसतो. हँडल थोडं फिरवलं की आतला दात खटक्याला मागे ढकलतो, ‘खट्’ आवाज येतो, दांडा परत धरला जातो आणि पुढचा ड्रॅग जिथे लावला होता तिथेच सापडतो. जास्तीचे पैसे मोजायचे ते या परतीच्या वाटेसाठी. ढील तर फुकटच होती.

दुकानात मात्र या नावाने भलतंच काहीतरी पुढ्यात येतं. ‘बेटरनर’ (फ्री-स्पूलचंच रुळलेलं नाव) मागितलं की ‘बेटकास्टर’ काढून देतात, कारण दोन्हींत ‘बेट’ आहे. बेटकास्टर म्हणजे रॉडच्या वर बसणारं, आडव्या स्पूलचं रीळ. अंगठ्याने बटण दाबलं की त्याचंही स्पूल मोकळं होतं आणि त्यालाही ‘फ्री-स्पूल’च म्हणतात, पण ते मोकळेपण फेकीसाठी. आपल्याला हवं ते रॉडच्या खाली लटकणारं, तारेच्या कमानीचं रीळ, ज्याचं मोकळेपण फेक झाल्यानंतर, कमान बंद असताना कामाला येतं. दुसरा घोटाळा मागे घुंडी असलेल्या साध्या रिळांचा. त्यांना ‘रिअर ड्रॅग’ म्हणतात. ती घुंडी पाहून बरेच जण फसतात, कारण जागा तीच, पण ब्रेक तोच एकुलता एक, नुसता मागे नेऊन बसवलेला. ओळखायची खूण घुंडी नाही, खटका आहे. खटका नसेल तर ते फ्री-स्पूल नव्हे, डब्यावर काहीही छापलेलं असो.

नावांचाही गोंधळ आहे. ‘बेटरनर’ हे शिमानो कंपनीचं नाव, १९८० च्या दशकातलं, आणि ते इतकं रुळलं की लोक कुठल्याही कंपनीच्या अशा रिळाला बेटरनरच म्हणतात. दायवाचं ‘बाइट अँड रन’, ओकुमाचं ‘बेट फीडर’, पेनचं ‘लाइव्ह लायनर’ ही सगळी एकाच कुळातली. हे कूळ इंग्लंडमधल्या कार्प पकडणाऱ्यांनी डोक्यावर घेतलं, त्यालाही कारण आहे. तिथे १९८० च्या आसपास केव्हिन मॅडॉक्स आणि लेन मिडलटन यांची ‘हेअर रिग’ पसरली. आमिष गळावर न टोचता गळामागे केसासारख्या बारीक दोऱ्याला बांधायचं. कार्प तोंड पुढे काढून खाणं शोषून घेतो आणि नको ते फुंकून टाकतो. फुंकताना मोकळा गळ ओठात रुततो, जड शिशाचा हिसका बसतो आणि मासा बिथरून सुसाट सुटतो. असा मासा आवळलेल्या रॉडला ओढून नेणारच. त्याला आधी पळू देणारं रीळ ही तिथे चैन राहिली नाही, गरज झाली.

आपल्याकडे हीच गरज कुठे लागते आणि कुठे नाही, यावर मी जरा अडून बसतो, कारण खर्च वाचतो तो इथे. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, तळ उकरून खाणारा मासा. तो मूळचा इथला नव्हे. त्याची एक जात १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आली, दुसरी १९५७ मध्ये बँकॉककडून, आणि आता तो आपल्या धरणांत घरचाच झाला आहे. मृगळही तळाशी चरतो. या दोघांसाठी आपण शिसं लावून कणकेचा किंवा पेंडीचा गोळा तळाला ठेवतो, रॉड टेकवतो आणि वाट पाहतो. इथे फ्री-स्पूल सोन्यासारखं. रोहू मधल्या पाण्यात, कटला वरच्या थरात. त्यांच्यासाठी तरंगता फ्लोट लावून रॉड हातात धरून बसत असाल, तर हात हाच तुमचा ब्रेक आहे. तिथे चांगला गुळगुळीत ड्रॅग असलेलं साधं रीळ घ्या आणि उरलेल्या पैशांत बरा दोरा घ्या.

पैसेच नसतील तर जुनी युक्ती आहे. फेक झाली की कमान उघडी ठेवायची आणि दोरा रॉडला घातलेल्या रबरबँडखाली अडकवायचा. मासा ओढतो, दोरा रबरातून सुटतो आणि स्पूलवरून वेटोळ्या-वेटोळ्याने घसरत जातो. मी अनेकांना यावर मोठमोठे मासे काढताना पाहिलं आहे. वारा सुटला की मात्र वेटोळी आपोआप पडतात, आणि कमान बंद होते त्या क्षणी माशाला थेट हिसका बसतो. आणखी एक मधला मार्ग ‘क्विक ड्रॅग’चा. घुंडी एकच, पण मोकळ्यापासून कडकपर्यंत एका फेऱ्यातच जाते. सराव असलेल्या हाताला ते आवडतं. माझ्यासारख्याची दुसरी फजिती मात्र त्यातही जशीच्या तशी होऊ शकते.

आता मापाकडे. लहान फ्री-स्पूल रीळ म्हणजे केवढं? शिमानोच्या भाषेत २५०० किंवा ४०००. कंपनी बदलली की आकड्याचा अर्थ बदलतो, कुणी ३०, ४० असंही लिहितं, म्हणून स्पूलवर छापलेली दोऱ्याची क्षमता वाचा. त्यावर ०.२५ मिमी, २०० मीटर असं असेल आणि तुम्हाला ०.३० मिमीचा दोरा भरायचा असेल, तर आधी २५ ला ३० ने भागा, आलेल्या उत्तराचा वर्ग करा आणि त्याने २०० ला गुणा. उत्तर येतं सुमारे १४० मीटर. ०.३५ ला तेच १०० वर येतं. जाडी थोडी वाढली की लांबी धाडकन पडते, आणि ‘मजबूत असावा’ म्हणून जाड दोरा भरणाऱ्यांना हे पाण्यावर गेल्यावर कळतं. गावतळ्यावर किंवा लहान धरणाच्या फुगवट्यात आपण ३०-४० मीटर फेकतो, मासा आणखी पन्नासेक मीटर जातो. ०.३० चा १५० मीटर दोरा पुरतो. उजनीसारख्या मोकळ्या पाण्यात, लांब फेकणार असाल, तर लहान रिळाचा हट्ट सोडा.

रीळ लहान असण्याची किंमतही मोजावी लागते. एक म्हणजे, छोट्या स्पूलवर नायलॉनचा दोरा जास्त वळ्या धरतो. दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. दोरा सुटत गेला की स्पूलवरचा वेढा बारीक होतो आणि तोच ड्रॅग जड होतो. भरलेल्या स्पूलची त्रिज्या २२ मिमी धरा. शंभरेक मीटर दोरा गेल्यावर ती १७ वर आली, तर दीड किलोचा लावलेला ड्रॅग जवळपास दोन किलोचा होतो, घुंडीला हात न लावता. मोठ्या स्पूलवर तेवढ्याच दोऱ्याने एवढा फरक पडत नाही. म्हणून लहान रिळावर ड्रॅग थोडा कमीच लावावा, आणि मासा लांब गेला की घुंडी आवळायची नाही, सैल करायची. हात नेमका उलटं करायला धावतो.

तिसरी किंमत वेगाची. सुमारे ४५ मिमी व्यासाचं स्पूल आणि ५ ला १ चा गियर (हँडलच्या एका फेऱ्याला स्पूलवर पाच वेढे) असेल, तर हँडलच्या एका फेऱ्यात साधारण ७० सेंटिमीटर दोरा येतो. मासा आपल्याकडेच धावत आला तर ते अपुरं पडतं. आणि इथे फ्री-स्पूलही काही करू शकत नाही, कारण दोरा सुटतच नाही, नुसता सैल पडतो. दोऱ्यावर एखादी कणकेची गोळी लटकवून ठेवली तर ती खाली येते आणि कळतं.

माझं मत विचाराल तर पहिलं फ्री-स्पूल ४००० च्या आसपासचं घ्यावं. २५०० गोंडस दिसतं, हलक्या नऊ फुटी रॉडवर शोभतंही, आणि अर्धा ते दोन किलोच्या माशांना पुष्कळ झालं. पण सायप्रिनस कधी पाच किलोचा येईल ते सांगता येत नाही.

दुकानात दोन गोष्टी करून बघायच्या. दोरा भरलेलं नमुन्याचं रीळ मागा. खटका दाबून मागची घुंडी पूर्ण सैल करा आणि दोरा हळू ओढा. स्पूल अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरलं तर ते परत ठेवा, कारण सावध मासा तोच अडखळा ओळखून आमिष टाकतो. मग घुंडी जराशी घट्ट करून जोरात झटका द्या. झटका थांबल्यावर स्पूल पुढे धावत राहिलं तर त्या जागी गुंता होणार. चांगल्या रिळाच्या घुंडीला या दोहोंच्या मधली जागा सापडते. त्यानंतर हँडल फिरवून खटका परत येताना ऐका. एक-चतुर्थांश फेऱ्याच्या आत, स्वच्छ यायला हवा. बेअरिंग किती, दहा का बारा, या आकड्याकडे मी बघत नाही. कमाल ड्रॅग दहा किलो वगैरे लिहिलेलं असतं, तेही सोडून द्या. ०.३० चा दोराच पाच-सहा किलोचा असतो.

पुढचा ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर लावायचा, म्हणजे दीड ते दोन किलो. त्यासाठी काटा लागत नाही. एक लिटरची आणि अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली एकत्र बांधून दोऱ्याच्या टोकाला अडकवा, रॉड वाकवून सावकाश उचला. बाटल्या उचलल्या जाताना स्पूल जेमतेम घसरायला लागलं पाहिजे. हे काठावर पोचल्यावर, आमिष टाकायच्या आधी करायचं. मागची घुंडी मात्र आमिष पाण्यात गेल्यावर लावायची, कारण ती वाऱ्यावर आणि पाण्याच्या ओढीवर ठरते. दोरा आपसूक सुटत असेल तर किंचित आवळा, थांबला की तिथेच सोडा.

मासा लागल्यावर घाई करू नका. आधी रॉड हातात घ्या, टोक वर करा, मग हँडल फिरवा. रॉड बेचकीत असतानाच हँडल फिरवलं तर खटका बसल्यावरचा सगळा झटका दोऱ्यावर येतो. आणि ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवत राहू नका. दोरा आत येत नाही, उलट ५ ला १ च्या रिळात प्रत्येक फेऱ्याला पाच पीळ पडतात. दहा मिनिटं असं केलं की पुढच्या फेकीला दोरा स्प्रिंगसारखा उसळून बाहेर पडतो आणि दोष रिळाला जातो.

घरी आल्यावर पुढची घुंडी पूर्ण सैल करून ठेवायची, म्हणजे आतल्या चकत्या दाबून बसत नाहीत. खटका उघडा की बंद, त्याने फरक पडत नाही. बाटल्या तेवढ्या पिशवीत राहू द्या, पुढच्या रविवारी माप पुन्हा लावावं लागणारच आहे.