घोणस ऑस्ट्रेलियात का नाही?

विषारी सापांचा नकाशा वाचायचा तर ते कुठे नाहीत हे आधी बघावे. घोणस, फुरसे, चापडा यांचे व्हायपर कुळ आफ्रिका, युरोप, आशिया आणि दोन्ही अमेरिकांत सापडते. ऑस्ट्रेलियात आणि मादागास्करात त्याची एकही जात नाही. नाग-मण्यारीचे इलॅपिड कुळ ऑस्ट्रेलियात मात्र इतके फोफावले की तिथे बिनविषारी सापांपेक्षा विषारीच जास्त जातींचे आहेत. मादागास्करच्या जमिनीवर तेही पोहोचले नाही.

पूर्वी सगळे खंड एकत्र होते, तेव्हाच साप सगळीकडे पसरले, असे सोपे उत्तर नेहमी ऐकू येते. कालगणनेत ते टिकत नाही. मादागास्कर भारतापासून सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी तुटले, भारत आशियाला भिडला सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी. सह्याद्रीचा काळा कातळ 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता, तेव्हा इलॅपिड कुळ जन्मालाही आले नव्हते. म्हणजे नाग भारतीय भूखंडावर बसून आलेला नाही. भारत आशियाला जोडला गेल्यावर तो जमिनीवरून आला.

पुरावा मिळतो तो बहुधा काही मिलिमीटरच्या मणक्यांचा. माती पाण्यातून बारीक चाळण्यांवर धुवायची आणि उरलेला गाळ भिंगाखाली निवडायचा. व्हायपर आणि इलॅपिड सापांच्या धडातल्या मणक्यांना खालच्या बाजूने एक काटा असतो, व्हायपरचा जास्त लांब. फसगत होते ती इथेच, कारण आपल्या बिनविषारी दिवडाच्या गटातही असा काटा असतो. एकट्यादुकट्या, झिजलेल्या मणक्यावरून कुळ ठरवले की पुढचे सगळे चुकते. जनुकांवरून काळ मोजणारे गणितही अशाच जीवाश्मांवर बेतलेले असते, त्यामुळे एका मणक्याची चूक सबंध वंशवृक्षाच्या तारखा हलवते. विषदंत मिळाला तर शंका कमी. जर्मनीत सुमारे 2.3 कोटी वर्षांपूर्वीचे दोन्ही कुळांचे दात मिळाले आहेत, आणि त्यांची घडण आजच्यासारखीच आहे. टांझानियातल्या इलॅपिडांचे मणके सुमारे 2.5 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. नाग एके काळी युरोपातही होते, हवा थंडावत गेली तसे तिथून नाहीसे झाले.

अमेरिकेतले रॅटलस्नेक आणि चापडा हे एकाच उपकुळातले: डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता टिपणारी खाच असलेले. त्यांचे पूर्वज आशियातून बेरिंगच्या भूसेतूवरून, म्हणजे सायबेरिया आणि अलास्का यांना पूर्वी जोडणाऱ्या जमिनीवरून, पलीकडे गेले. इलॅपिड कुळातल्या कोरल सापांचेही तसेच. इथे हिमयुगात माणसे गेली तो काळ डोळ्यांसमोर आणू नये. त्या थंडीत हे साप तगलेच नसते. ही वाटचाल त्याच्या कितीतरी आधीची, तिकडचे हवामान बरेच उबदार होते तेव्हाची.

ऑस्ट्रेलिया उत्तरेकडे सरकत आशियाजवळ आला, तेव्हा मधल्या बेटांवरून इलॅपिड तिथे उतरले. व्हायपरही त्या वाटेने निघाले होते. चापड्याचे भाऊबंद आज तिमोरपर्यंत आहेत, पण पुढचा समुद्र त्यांना ओलांडता आला नाही. ऑस्ट्रेलियातल्या इलॅपिडांपैकी काहींनी मग थेट समुद्रच धरला. कोकणच्या जाळ्यांत येणारे समुद्रसाप हे त्यांचेच वंशज.

अटलांटिक महासागरात मात्र समुद्रसापांची वस्ती नाही. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घातला की बेंग्वेला हा थंड प्रवाह आडवा येतो. पलीकडच्या बाजूला दोन्ही अमेरिकांना जोडणारी पनामाची संयोगभूमी सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी जुळून आली. पिवळ्या पोटाचा समुद्रसाप पॅसिफिक ओलांडून पनामाच्या पॅसिफिककडील किनाऱ्यापर्यंत जातो, पण तो तिथे पोहोचला तो अटलांटिककडची वाट बंद झाल्यावर. आता तिथे कालवा आहे खरा, पण त्याच्या मध्यभागी गातुन तलावाचे गोडे पाणी आहे.