बुडबुडा फुटायच्या आधी काळा का पडतो?

घरात काचेची बांगडी असेल तर ती घ्या, भांडी घासायचं लिक्विड कालवलेल्या पाण्यात बुडवा आणि काळ्या कापडापुढे अलगद उभी धरा. पंखा मात्र बंद हवा. आधी नुसता पारदर्शक पडदा दिसतो, मग गुलाबी-हिरवे आडवे पट्टे उमटतात आणि हळूहळू खाली सरकायला लागतात, कारण पडद्यातलं पाणी खाली उतरतंय आणि वरचा भाग पातळ होत चाललाय. मग वर चंदेरी पट्टा येतो आणि त्याच्याही वर एकदम काळं. तिथे भोक पडलंय असंच वाटतं, पण पडदा शाबूत असतो, फक्त इतका पातळ की त्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूवरून परत येणारा प्रकाश एकमेकाला खोडून टाकतो.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला हे काळे डाग दाखवले होते, न्यूटननेही बुडबुड्यावर काचेचं झाकण ठेवून ते निरखले. पण मला खरा प्रश्न वाटतो तो पुढचा. पाणी उतरतंच आहे तर पडदा पातळ होत होत लगेच फुटत का नाही, काही नॅनोमीटरवर येऊन थांबतो कसा? (आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे बघा.)

त्याला थांबवणारं बळ त्या पडद्यातच असतं. दोन्ही बाजूंना साबणाच्या रेणूंची रांग, त्यांची डोकी पाण्यात आणि त्यांच्यावर ऋण भार, मधल्या पाण्यात सोडियमचे धन आयन, म्हणजे धन भार असलेले अणू. दोन्ही रांगा जवळ आल्या की मधल्या आयनांची दाटी होते आणि ते बाजूंना परत ढकलतात. उलट व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे रेणूंची एकमेकांबद्दलची हलकीशी ओढ, दोघींना एकत्र ओढत असतं. या ढकलण्या-ओढण्याचा हिशेब सोव्हिएत रशियात देऱ्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये मांडला, नेदरलँड्समध्ये फेरवे आणि ओव्हरबेक यांनी स्वतंत्रपणे तेच काम केलं, त्यांचं १९४८ मध्ये छापून आलं. चौघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून (D, L, V, O) त्याला डीएलव्हीओ सिद्धांत म्हणतात.

आता या पाण्यात पुरेसं मीठ घातलं तर? मिठाचे आयन त्या भाराला झाकून टाकतात, ढकलणं अगदी जवळ आल्यावरच जाणवतं, त्यामुळे पडदा अजून पातळ होऊन जेमतेम ४-५ नॅनोमीटरवर येतो. म्हणजे साबणाच्या दोन रांगा आणि मधे नावापुरतं पाणी!

आणि हे फक्त साबणापुरतं नाही हं. पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी तासन् तास निवळत नाही, कारण मातीच्या बारीक कणांवरही ऋण भार असतो आणि ते एकमेकांना असेच दूर ठेवतात. आजी हंड्यात तुरटी फिरवायची तेव्हा तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मारून टाकायचं, मग कण चिकटून गठ्ठे व्हायचे आणि तळाला बसायचे. कोकणातल्या खाडीत नदीचं पाणी समुद्राच्या पाण्याला भेटतं तिथे तुरटीचं काम मीठच करतं, आणि ओहोटीला पाय घोट्यापर्यंत रुततो तो चिखल बराचसा असाच गठ्ठे होऊन बसलेला असतो.