को-हाउसिंगमधील ‘समविचारी’ शेजाऱ्यांबद्दलचा गैरसमज

को-हाउसिंग वसाहत (स्वतंत्र घरे, पण काही जागा सामाईक असलेली आणि रहिवाशांनी मिळून चालवलेली वसाहत) टिकायची तर सगळे रहिवासी समविचारी हवेत आणि वंश किंवा संस्कृती वेगळी असली की विचार जुळत नाहीत, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. यातला पहिला भाग अर्धवट खरा आहे. दुसरा साफ चुकीचा.

डेन्मार्कमध्ये 1970 च्या दशकाच्या आरंभी अशा पहिल्या वसाहती उभ्या राहिल्या, तेव्हापासून या पद्धतीला लागणारे एकमत कामकाजापुरतेच आहे: घरे स्वतंत्र, जोडीला एक सामाईक स्वयंपाकघर, कामे पाळीपाळीने आणि निर्णय चर्चेतून. सामाईक जेवणात मांस शिजवावे की नाही, असा वाद निघाला तर सगळ्यांची आवड एक होण्याची वाट कोणी पाहत नाही. वेगळी भांडी किंवा वेगळा दिवस असा, ज्याला कोणाचाही ठाम विरोध नाही, तो तोडगा काढला जातो. (हा वाद एकाच वंशाच्या माणसांतही तितक्याच जोमाने होतो.)

अमेरिकेतल्या अशा वसाहतींत गोरे, उच्चशिक्षित लोकच जास्त आढळतात, हे खरे. पण त्याची कारणे विचारांत नसून घरांच्या किमतीत, बांधकामाआधीच अडकणाऱ्या पैशांत, अखंड चालणाऱ्या बैठकांत आणि ओळखीतूनच फिरणाऱ्या निमंत्रणांत आहेत. शिवाय तिथल्या 1968 च्या फेअर हाउसिंग ॲक्टनुसार वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारणे बेकायदा आहे, त्यामुळे ‘आमच्याशी जुळत नाही’ या सबबीआड असा नकार लपवता येत नाही. वसाहतीचा चेहरा बराचसा आरंभीच्या गटातच ठरतो. घरे विकून झाल्यावर विविधतेची समिती नेमणाऱ्यांना म्हणूनच उशीर झालेला असतो.