डब कविता

डब कविता हा जमैकातील रेगे या लोकप्रिय संगीताच्या ठेक्यावर, जमैकन बोलीत रचलेला आणि मुख्यतः श्रोत्यांसमोर म्हणण्यासाठी असलेला काव्यप्रकार आहे. १९७०च्या दशकात किंग्स्टन (जमैका) आणि लंडन या दोन शहरांत तो जवळपास एकाच वेळी आकाराला आला. गुलाम म्हणून कॅरिबियन बेटांवर आणलेल्या आफ्रिकी लोकांचा मौखिक वारसा त्याच्या मुळाशी आहे. पश्चिम आफ्रिकेतील अकान लोकांकडून आलेल्या अनान्सी या धूर्त कोळ्याच्या गोष्टी, चर्चमधल्या प्रवचनांची लय आणि जमैकातील कृष्णवर्णीयांच्या रास्ताफारी या धार्मिक पंथाचे न्याबिंगी ढोल हे सारे त्यात मिसळले.

नाव आले ते ध्वनिमुद्रणातून. किंग टबीसारखे किंग्स्टनचे ध्वनितंत्रज्ञ गाजलेल्या गाण्यातला गायकाचा आवाज काढून टाकत, बास आणि ड्रम पुढे आणत, मध्येच एखाद्या शब्दाचा प्रतिध्वनी सोडून देत. हे ‘व्हर्जन’, म्हणजेच ‘डब’, तबकडीच्या मागच्या बाजूला असे. रस्त्यावर मोठे ध्वनिवर्धक लावून गाणी वाजवणाऱ्या साउंड सिस्टिमवर ते वाजू लागले, की यू-रॉयसारखे डीजे त्या मोकळ्या जागेत तालावर बोलत. डब कवी याच जागेत उभा राहिला, पण मजकूर आधी लिहून. वाद्ये थांबवली तरी बासचा ठेका ओळीतून ऐकू यावा, ही या कवितेची खरी कसोटी.

बोलीचा रस्ता लुईझ बेनेट (१९१९–२००६) यांनी आधीच मोकळा केला होता. १९४०च्या दशकापासून त्या वृत्तपत्रात आणि रंगमंचावर बाजारहाट करणाऱ्या बायकांच्या भाषेत कविता सादर करत होत्या. जाणकार मात्र त्यांच्या कवितेला बराच काळ निव्वळ करमणूक समजले.  बार्बाडोसचे कवी कामाउ ब्रॅथवेट यांनी अशा बोलीला ‘नेशन लँग्वेज’ (राष्ट्राची भाषा) म्हटले आणि चक्रीवादळ काही इंग्रजी वृत्तात गर्जत नाही, असे बजावले. कॅरिबियन कवितेबद्दल इतके नेमके विधान क्वचितच कुणी केले असेल.

लंडनमधील प्रमुख नाव लिंटन क्वेसी जॉन्सन यांचे. १९५२मध्ये जमैकात जन्मलेले जॉन्सन १९६३मध्ये आईकडे लंडनच्या ब्रिक्स्टन भागात आले आणि शाळकरी वयातच कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्रिटनमधील ब्लॅक पँथर चळवळीत गेले. अमेरिकेतील ज्या पक्षावरून या चळवळीने नाव घेतले, त्याच पक्षाच्या नावावरून १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. जॉन्सन यांची ‘सनीज लेटा’ (१९७९) ही कविता म्हणजे ब्रिक्स्टनच्या तुरुंगातून मुलाने आईला लिहिलेले पत्र. पत्ता, मायना आणि खुशालीची विचारपूस झाल्यावर तो सांगतो: बसची वाट पाहत उभ्या असलेल्या धाकट्या भावाला पोलिसांनी धरले, मारले, मी मध्ये पडलो, झटापटीत एक पोलीस मेला. पत्रातला आदबशीर सूर आणि मधल्या झटापटीचे तुटक, ठोके देणारे शब्द यांच्या ताणावर ही कविता उभी आहे. भावावर आरोप होता तो केवळ संशयाचा. १८२४च्या भटकेगिरीविरोधी कायद्यातील संशयावरून अटक करण्याचे कलम कृष्णवर्णीय तरुणांना सर्रास लावले जाई. १९८१मध्ये ते रद्द झाले.

किंग्स्टनमध्ये ओकु ओनुओरा यांनी तुरुंगातच लिहायला सुरुवात केली. अत्यंत प्रभावी सादरकर्ते मायकी स्मिथ यांनी १९८३मध्ये एका राजकीय सभेत मंत्र्यांना जाब विचारला. दुसऱ्या दिवशी दगड मारून त्यांचा जीव घेण्यात आला. वय अवघे २८. पुढे बर्मिंगहॅमचे बेंजामिन झेफनाया यांनी ही कविता ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांपर्यंत नेली, तर लिलियन ॲलन यांनी ती टोरंटोत रुजवली.

घोषणाबाजीचा आक्षेप या कवितेवर वारंवार घेतला जातो आणि दुय्यम कवींच्या बाबतीत तो खराही आहे. तो सर्वांत समर्थपणे खोडून काढला जीन ‘बिंटा’ ब्रीझ (१९५६–२०२१) यांनी. पुरुषांचा वरचष्मा असलेल्या या प्रकारात त्यांनी ‘रिडिम रेव्हिंग्ज’ या कवितेत किंग्स्टनच्या रस्त्यावर भटकणारी, डोक्यात सतत रेडिओ ऐकू येणारी बाई बोलती केली. डॉक्टर आणि घरमालक मिळून तिचा तो रेडिओ काढून घेतात. ती पुन्हा मिळवते. गरिबी, बेघरपण, गावाची ओढ हे सगळे तिच्या बडबडीतूनच कळते आणि रेगेचा ठेका तिच्या डोक्यातल्या गाण्यातूनच येतो.