'रूबेन, रूबेन': विनोदी सिनेमामागचा खरा कवी

'ओपनहायमर'मध्ये तळ्याकाठी उभा असलेला म्हातारा आइनस्टाइन ज्याने केला तो टॉम कॉन्टी. या माणसाला आयुष्यात एकदाच ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, १९८३ च्या 'रूबेन, रूबेन'साठी, आणि हा सिनेमा आज फारसा कोणाच्या लक्षातही नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. गोष्ट अशी आहे की गोवन मॅकग्लँड नावाचा एक स्कॉटिश कवी, एकेकाळी नावाजलेला, आता कित्येक वर्षं त्याला एक ओळ सुचलेली नाही, अमेरिकेत येऊन एका सुखवस्तू उपनगरात तळ ठोकून बसलाय. बायकांच्या क्लबांमध्ये, कॉलेजांमध्ये कविता वाचायच्या, मिळेल ते मानधन दारूत घालवायचं, ज्यांच्याकडे पाहुणचार घ्यायचा त्यांच्याच बायकांशी लफडी करायची, असं चाललेलं असतं. हॉटेलात लोकांनी वेटरसाठी टेबलावर ठेवलेली टिपसुद्धा हा सहज उचलून खिशात घालतो. मग त्याला जिनीव्हा भेटते, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची नात, कॉलेजात शिकणारी, त्याच्यापेक्षा कितीतरी लहान, आणि आयुष्यात बहुतेक पहिल्यांदाच हा खराखुरा प्रेमात पडतो.

रोमँटिक कॉमेडीच आहे ही, आणि हसूही येतं भरपूर. पण हा कवी निव्वळ कल्पनेतून आलेला नाही, तो बऱ्याच अंशी डिलन थॉमस आहे. थॉमस कोण हे ठाऊक नसेल तर 'इंटरस्टेलर' आठवा, त्यात मायकल केन जी कविता पुन्हा पुन्हा म्हणतो, त्या काळोख्या रात्रीत निमूटपणे जाऊ नकोस अशा अर्थाची, ती थॉमसची.

थॉमसचा जन्म १९१४ चा, वेल्समधल्या स्वानसीचा. विशीत असतानाच इंग्लंडमध्ये नाव झालं, पण पैशाची कायम बोंब, घरी बायको केटलिन आणि तीन मुलं, इन्कमटॅक्सची थकबाकी, उधाऱ्या. रेडिओवर कामं करायचा, आवाज असा भारदस्त की बीबीसीवर लोक फक्त तो आवाज ऐकायला बसायचे. १९४९ मध्ये जॉन माल्कम ब्रिनिन हा अमेरिकन कवी न्यूयॉर्कच्या ९२व्या स्ट्रीटवरच्या पोएट्री सेंटरचा डायरेक्टर झाला आणि त्याने थॉमसला बोलावणं धाडलं. फेब्रुवारी १९५० मध्ये थॉमस अमेरिकेत उतरला. पुढे १९५२ ला एकदा आणि १९५३ मध्ये दोनदा, अशा एकूण चार फेऱ्या झाल्या.

त्या काळातली अमेरिका इथे समजून घ्यायला हवी, नाहीतर सिनेमाही नीट कळत नाही. महायुद्ध नुकतंच संपलेलं, युद्धावरून परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने शिकता येत असल्यामुळे कॉलेजं भरून वाहत होती, प्रत्येक इंग्लिश डिपार्टमेंटला एखादा नामांकित कवी आपल्याकडे यावा असं वाटत होतं. बायकांचे क्लब तर त्याच्याही आधीपासूनचे, त्यांचा देशव्यापी महासंघ १८९० चा, आणि पाहुण्या लेखकाचं भाषण ठेवणं हा तिथला ठरलेला कार्यक्रम. ऑस्कर वाइल्डने १८८२ मध्ये, चार्ल्स डिकन्सने त्याच्याही आधी, अशा दौऱ्यांवर अमेरिका पालथी घातली होती. थॉमसच्या दौऱ्यांमध्ये मात्र एक नवीन गोष्ट झाली. संध्याकाळी सभागृहात तो वाचायचा तेव्हा पोरं अक्षरशः भारावून जायची, आणि नंतर कोणा प्रोफेसरच्या घरी पार्टी असायची, तिथे हाच माणूस प्यायचा, वाट्टेल ते बोलायचा, बायकांच्या अंगचटीला जायचा. आणि लोकांना ते हवं असायचं! दुसऱ्या दिवशी त्याच्या कवितेबद्दल किती लोक बोलत असतील देव जाणे, पण त्याने पार्टीत काय धिंगाणा घातला हे पुढच्या कॉलेजात त्याच्या आधी पोचायचं. यजमान ग्लास भरत राहिले आणि हा पीत राहिला. मला यात त्याला निर्दोष ठरवायचं नाहीये, तो काही लहान मूल नव्हता, घरी बायको-मुलं पैशांची वाट बघत होती. पण वेड्यासारखं वागणं हा कवीच्या कामाचाच भाग आहे असं धरून चालणारे हजारो लोक समोर असले की ज्याला आधीच तोल सांभाळता येत नाही त्याचं काय होणार.

याच दौऱ्यांमध्ये त्याने फार सुंदर कामही केलं, हे विसरलं जातं. १९५२ च्या फेब्रुवारीत नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या दोन मुलींनी कॅडमन नावाची रेकॉर्ड कंपनी काढली आणि पहिलीच रेकॉर्ड थॉमसची केली. कविता झाल्या तरी रेकॉर्डची दुसरी बाजू भरत नव्हती म्हणून त्याने लहानपणच्या वेल्समधल्या ख्रिसमसवरचा एक लेख वाचला, आणि लोकांनी रेकॉर्ड घेतली ती मुख्यतः त्या लेखासाठी. बोलक्या पुस्तकांचा आजचा जो धंदा आहे त्याच्या मुळाशी ही रेकॉर्ड आहे असं म्हटलं तरी चालेल. 'अंडर मिल्क वूड' हे त्याचं आवाजांचं नाटक १४ मे १९५३ ला न्यूयॉर्कमध्ये नटांसोबत वाचलं गेलं, तेव्हा तो अगदी शेवटच्या घटकेपर्यंत ओळी लिहून देत होता.

त्यानंतर सहा महिन्यांत तो गेला. चौथ्या फेरीत चेल्सी हॉटेलात राहत होता, तब्येत आधीच खालावलेली, श्वासाचा त्रास. नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका रात्री परत आल्यावर आपण एका बैठकीत अठरा व्हिस्की रिचवल्याचं त्याने सांगितलं, आणि ही अठराची गोष्ट जगभर झाली. नंतर ज्यांनी खोलात जाऊन बघितलं त्यांना तो आकडा पटलेला नाही. पोस्टमार्टेममध्ये न्यूमोनिया आणि मेंदूला सूज निघाली, शिवाय डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनच्या डोसबद्दल आजही वाद आहे. ९ नोव्हेंबर १९५३ ला सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलमध्ये गेला तेव्हा तो फक्त एकोणचाळीस वर्षांचा होता. केटलिन विमानाने धावत आली, हॉस्पिटलात तिचा इतका उद्रेक झाला की तिला बांधून मनोरुग्णांच्या क्लिनिकमध्ये नेलं.

मग सुरू झाली दंतकथा. ब्रिनिनने १९५५ मध्ये थॉमसच्या अमेरिकन दिवसांवर पुस्तक लिहिलं, दारू आणि बायका सगळं सविस्तर, आणि ते खूप गाजलं. केटलिनने १९५७ मध्ये आपलं पुस्तक आणलं. १९६४ च्या जानेवारीत ब्रॉडवेवर थॉमसवरचं नाटक आलं, त्यात खुद्द अ‍ॅलेक गिनेस, आणि त्याला त्यासाठी टोनी हे नाटकांचं मोठं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी पीटर डी व्ह्रीसची 'रूबेन, रूबेन' ही कादंबरी आली, जिच्यावरून हा सिनेमा निघाला.

डी व्ह्रीस हा माणूस मला या सगळ्या साखळीत सगळ्यात जवळचा वाटतो. शिकागोतल्या डच कॅल्व्हिनिस्ट, म्हणजे कडक प्रोटेस्टंट पंथाच्या कुटुंबात १९१० ला जन्मला, ज्या घरात पत्ते, नाच, सिनेमा सगळं पाप. नंतर 'पोएट्री' या मासिकाचा संपादक झाला, म्हणजे कवी ही जमात त्याने रोज जवळून पाहिलेली, आणि १९४४ पासून 'न्यूयॉर्कर' या साप्ताहिकात, राहायला कनेक्टिकटमधल्या वेस्टपोर्टला. रोज सकाळी ट्रेनने न्यूयॉर्कला जाणारे नवरे, मागे राहिलेल्या बायका, नवऱ्याच्या पगारावर सजलेली घरं आणि मधेच उरलेले जुने कोंबड्या पाळणारे शेतकरी, हे जग तो खिडकीतून बघत होता. १९६० मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ल्युकेमियाने गेली. पुढच्याच वर्षी त्याने त्या दुःखावर 'द ब्लड ऑफ द लॅम्ब' लिहिली, जी वाचताना हसणारा लेखक कोसळताना दिसतो. म्हणून 'रूबेन, रूबेन'मधला विनोद कुणा सुखी माणसाचा टाइमपास आहे असं समजू नका. मरण घरात येऊन गेलेल्या माणसाने मरणाकडे धावत सुटलेल्या माणसावर लिहिलेलं ते पुस्तक आहे.

कादंबरी तीन भागांत आहे. पहिला भाग स्पॉफर्ड या कोंबडीवाल्या शेतकऱ्याचा, दुसरा मॅकग्लँडचा, तिसरा मॉपवर्थ नावाच्या इंग्रज माणसाचा. नावामागे १८७१ चं एक जुनं अमेरिकन गाणं आहे, ज्यात एक बाई रूबेनला सांगते की सगळे पुरुष उत्तरेच्या समुद्रापार पाठवून दिले तर जग किती छान होईल, आणि कादंबरी वाचल्यावर हे नाव किती नेमकं आहे ते कळतं. १९६७ मध्ये हर्मन शमलिनने त्यावर ब्रॉडवेवर नाटक केलं, पण 'स्पॉफर्ड' या नावाने, म्हाताऱ्याला मध्यभागी ठेवून, मेल्विन डग्लस त्या भूमिकेत. म्हणजे नाटकाने शेतकरी उचलला आणि सिनेमाने कवी.

सिनेमा लिहिला ज्युलियस एपस्टाइनने. हे नाव ओळखीचं नसेल पण काम नक्की ओळखीचं आहे, 'कॅसाब्लांका' लिहिणाऱ्या जुळ्या भावांपैकी हा एक, त्याचा भाऊ फिलिप १९५२ मध्येच गेला. डी व्ह्रीसशी एपस्टाइनचं आधीपासून जमलेलं, १९७२ चा 'पीट अँड टिली' हा वॉल्टर मॅथाऊ आणि कॅरोल बर्नेटचा सिनेमा त्याने डी व्ह्रीसच्याच गोष्टीवरून लिहिला होता. 'रूबेन, रूबेन' लिहिला तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला, आणि तरी संवादांना काय धार आहे! प्रोड्युसर वॉल्टर शेन्सन, ज्याने बीटल्सचे सिनेमे काढले. डायरेक्टर रॉबर्ट एलिस मिलर. जिनीव्हा झालीय केली मॅकगिलिस, तिचा हा पहिलाच सिनेमा, 'टॉप गन' तीन वर्षांनी आला. म्हातारा स्पॉफर्ड म्हणजे रॉबर्ट्स ब्लॉसम, 'होम अलोन'मध्ये ज्या शेजाऱ्याला पोरगं घाबरतं तोच हा. आणि मॅकग्लँडची पूर्वीची बायको केलीय कारा विल्सनने, जी कॉन्टीची खऱ्या आयुष्यातली बायको.

आता शेवट सांगतोय, सिनेमा बघायचा असेल तर हा एक परिच्छेद सोडा. मॅकग्लँडला दात जाण्याची प्रचंड भीती असते, देखणेपणावरच सगळं चाललेलं ना, आणि ज्या बाईशी त्याचं लफडं असतं तिचा नवरा नेमका डेंटिस्ट निघतो, तो खुर्चीत बसवून शांतपणे सूड उगवतो. जिनीव्हाही सोडून जाते. मग हा खोलीत दोर बांधतो, गळ्यात अडकवतो, खुर्चीवर उभा राहून टेपरेकॉर्डरमध्ये शेवटचं बोलायला लागतो, आणि बोलता बोलता शब्द जुळायला लागतात, इतक्या वर्षांनी काहीतरी सुचतं, मरायचा विचार गळून पडतो. तेवढ्यात दारातून एक भलामोठा केसाळ कुत्रा आनंदाने उड्या मारत येतो. कुत्र्याचं नाव रूबेन. काही लोकांना हा शेवट क्रूर वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण थॉमसही काही ठरवून मेला नव्हता, त्याच्या बॅगेत पुढच्या कामाच्या योजना होत्या, संगीतकार स्ट्राविन्स्कीसोबत ऑपेरा करायचं बोलणं झालेलं होतं.

सिनेमा कोणत्या दिवसांत आला तेही बघण्यासारखं आहे. १९८१ ला 'आर्थर'मधला दारुडा श्रीमंत म्हणून डडली मूर, १९८२ ला 'माय फेव्हरिट इयर'मधला दारुडा नट म्हणून पीटर ओटूल, १९८३ ला 'एज्युकेटिंग रीटा'मधला दारुडा प्रोफेसर म्हणून मायकल केन आणि सोबत कॉन्टी, सगळ्यांना बेस्ट अ‍ॅक्टरची नॉमिनेशनं. दारुडा म्हणजे गोड, हुशार, हसवणारा माणूस, या कल्पनेचा तो शेवटचा बहर होता. कारण १९८० मध्येच दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे मुलं गमावलेल्या आयांची संघटना अमेरिकेत उभी राहिली होती आणि बघता बघता देशाचं मत फिरलं. १९८८ मध्ये 'आर्थर'चा दुसरा भाग आला तर आपटला. आणि कॉन्टी-केनच्या वर्षी बक्षीस मिळालं रॉबर्ट ड्युव्हलला, 'टेंडर मर्सीज'साठी, ज्यात तो दारू सोडलेला गायक आहे. एपस्टाइनलाही नॉमिनेशनवरच थांबावं लागलं, पटकथेचं ऑस्कर 'टर्म्स ऑफ एन्डियरमेंट'ला गेलं.

माझी एक तक्रार आहे सिनेमाबद्दल. उपनगरातल्या ज्या विवाहित बायका मॅकग्लँडच्या नादी लागतात त्यांचा एकटेपणा एपस्टाइनने नीट दाखवलाय, त्या नुसत्या मूर्ख नाहीत, हे चांगलं. पण केटलिनसारखी बाई, जी तिकडे वेल्समध्ये लार्न गावच्या घरात तीन पोरांना घेऊन पैशाच्या पाकिटाची वाट बघत बसली होती, जी स्वतः नाचायची, जिला स्वतःचं काही करायचं होतं, तिचं दुःख इथे येत नाही, पूर्वीची बायको येते आणि जाते. तेवढ्यासाठी केटलिनचं पुस्तक वाचावं, 'लेफ्टओव्हर लाइफ टू किल', रागाने लिहिलंय आणि तो राग तिच्या हक्काचा आहे. सिनेमा बघणार असाल तर आधी थॉमसचं ते १९५२ चं रेकॉर्डिंग जरूर ऐका, नेटवर मिळतं. कॉन्टीने त्या आवाजाची नक्कल अजिबात केलेली नाही, बोली स्कॉटिश, सूर खालचा, थकलेला, आणि दोन्ही लागोपाठ ऐकले की त्याने काय ठेवलं आणि काय मुद्दाम टाकलं ते लगेच कळतं.