अमेरिकेतलं यादवी युद्ध नेमकं कशावरून?

"अमेरिकेतलं १८६१ ते ६५ चं यादवी युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, टॅक्स आणि राज्यांच्या हक्कांवरून झालं" हे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय. पटण्यासारखं वाटतं, कारण उत्तरेने सुरुवातीला शस्त्र उचललं ते देश एकत्र ठेवायला, गुलाम सोडवायला नाही, हे खरंच आहे. पण दक्षिणेची राज्यं फुटली का हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर त्यांनीच लिहून ठेवलंय. मिसिसिपीचा जाहीरनामा नेटवर फुकट मिळतो, उघडून बघा, पहिलं वाक्य प्रस्तावनेचं आणि दुसऱ्याच वाक्यात थेट सांगितलंय की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे.

टॅक्सचं म्हणाल तर आयात शुल्क वाढवणारा कायदा मार्च १८६१ मध्ये झाला, तोवर सात राज्यांनी बाहेर पडायचं ठरवूनही झालं होतं. तारखा जुळवून बघा ना.

राहिले हक्क. इथे तर गंमतच आहे, साउथ कॅरोलायनाची तक्रारच ही की उत्तरेची राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत, म्हणजे त्या राज्यांनी आपला हक्क वापरलेला यांना नको होता! आणि फुटलेल्या राज्यांनी जी नवी घटना केली तिच्यात गुलामांवरची मालकी नाकारणारा कायदा करायलाच मनाई होती.